कच्चा, बरा, पक्का

स्वतःच्या कामाबद्दल मला कधी शंका वाटली नाही. तेव्हाही नाही आणि आता म्हातारपणीही नाही. कुणाला हा गर्व वाटला तर वाटो. माझ्या बरोबरीची पोरं आरमोरीच्या बाजारात मिशीला पीळ देत हिंडत होती, त्या वयात मी वैनगंगेच्या काठच्या एका लाकडाच्या डेपोचा सगळा कारभार डोक्यात घेऊन फिरत होतो. कोणती बैलगाडी वडशाच्या स्टेशनाकडे निघाली, कुणाच्या बैलाचा खूर दुखावला, कोणत्या ढिगातलं लाकूड आधी हलवायला हवं, हे विचारायला लोक माझ्याकडे येत. मॅनेजरकडे ते फक्त सही घ्यायला जात.

तरीही मी कच्चा होतो. कच्चा म्हणजे कंपनीनं अजून कायम न केलेला कारकून. काम पक्क्याचं, खुर्ची पक्क्याची, शिव्याही पक्क्या, फक्त माणूस कच्चा. कंपनीला वाटेल त्या दिवशी ती मला घरी पाठवू शकत होती.

कंपनी विलायती होती. चहाच्या पेट्यांना लागतात तशा पातळ फळ्या ती मुंबईजवळच्या कारखान्यात बनवायची, आणि त्यासाठी आमच्या जंगलातली काटेसावर घ्यायची. काटेसावरीचं लाकूड मऊ. तोडल्यावर वेळेत पोचलं नाही तर काळं पडतं, आणि मग ते चुलीत घालण्यापुरतं उरतं. म्हणून डेपोत घाई हाच धर्म होता. लाकूड आलं की उतरवा, मोजा, गाडीत चढवा आणि हाकला.

हे उतरवणं-चढवणं ज्यांच्या हाताखाली चालायचं ते जमादार आमच्या नात्यागोत्यातलेच होते. शेजारच्या गावचे, बांधाला बांध लागून शेत असलेले. अंगानं सडपातळ, खांद्यावर कायम दुपट्टा, बोलणं मोजकं. मी त्यांना भाऊ म्हणायचो, ते मला बाबू म्हणायचे. त्यांना एक मुलगी होती, आणि खरं सांगायचं तर मी त्या डेपोत इतका जीव तोडून काम करत होतो त्यातला अर्धा जीव तिच्यासाठी होता. कधीकधी ती भाऊंची शिदोरी घेऊन डेपोत यायची. तेव्हा मी उगाचच टाइपरायटर जोरजोरात बडवायचो.

माझ्या आईनं मामाकरवी भाऊंच्या कानावर गोष्ट घातली. भाऊंनी नाही म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही. पोरगा पक्का होऊ द्या, मंग बसून बोलू, एवढंच म्हणाले. म्हणजे माझं लग्न आता कंपनीच्या हातात गेलं. मामा म्हणाला, पोरीचा बाप आहे, त्यानं तरी काय करावं. मला ते पटलं. मी काही दिवसांचाच कच्चा आहे याबद्दल मला खात्रीच होती.

गोष्ट गावात पसरायला काय वेळ लागतो? आरमोरीच्या आठवडी बाजारात भाऊंची मुलगी मला बांगडीवाल्यापाशी दिसली. सोबत तिची चुलती होती. मी अंग चोरून निघून जात होतो, तर ही पोरगी बांगड्यांवरची नजर न काढता म्हणाली, "पक्के कवा होता जी?"

"होऊन राह्यलो," मी म्हणालो.

चुलती तोंडाला पदर लावून हसली. मी मुरमुऱ्याचा पुडा घेतला आणि ताठ मानेनं घरी आलो.

आता कंपनीत पक्कं कसं होतात ते सांगितलं पाहिजे. जुनी पद्धत अशी होती की वर्षाच्या शेवटी मॅनेजर प्रत्येक माणसाबद्दल गुपचूप शेरा लिहून वर पाठवायचा. तुमच्याबद्दल काय लिहिलं हे तुम्हाला कधीच कळायचं नाही. वरून एक दिवस हुकूम यायचा, याला वाढवा, त्याला काढा. आमच्या लोकांना हा प्रकार समजतच नसे. आमच्याकडे कुणाबद्दल काही वाकडं बोलायचं असेल तर गावच्या बैठकीत, त्याच्यासमोर बोलतात, आणि ज्याच्यावर बोट उठलं त्याला बोलायचा हक्क पहिला असतो. मागून बोलण्याला आमच्याकडे एकच शब्द आहे, चुगली. त्यामुळे वर्षाचा शेवट आला की डेपोतली माणसं म्हणायची, मॅनेजर चुगल्या लिहून राह्यला.

मॅनेजर पुण्याकडचे. माणूस वाईट नव्हता. बिचाऱ्याला हिवतापाची भयंकर धास्ती होती, आणि सूर्य कलला की ते मच्छरदाणीत शिरायचे. त्या सुमारास राज्यांची मांडामांड झाली होती, आमचा चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला होता, आणि कंपनीनंही आमचा डेपो नागपूरच्या कचेरीकडून काढून मुंबईच्या कचेरीला जोडला होता. मॅनेजर त्याच्या थोडेच आधी आले होते. आमची बोली त्यांच्या कानाला कधी सोसली नाही. आम्ही मले-तुले म्हणालो की त्यांच्या कपाळावर आठी पडायची.

मुंबईच्या कचेरीतून त्या हिवाळ्यात एक नवा साहेब आला. हॉलंडचा. उंच, लालबुंद, आणि हसतमुख. या साहेबाचा मोठा गुण म्हणजे त्यानं पुण्यात एका शास्त्रीबुवांकडून मराठी शिकून घेतली होती आणि दुभाषा ठेवायला तो तयार नव्हता. जीपमधून उतरल्याबरोबर त्यानं भाऊंना हात जोडले आणि विचारलं, "आपल्याकडे सर्व कुशल ना?" भाऊंनी मागे वळून माणसं न्याहाळली. या नावाचा कोणी मानूस आपल्याइथी नाई, असं त्यांनी नम्रपणे सांगितलं.

साहेबानं आल्या आल्या जाहीर केलं की गुपचूप शेरा बंद. त्याच्या देशात वरिष्ठाच्या मनात जे असेल ते तो माणसाच्या तोंडावर सांगतो, पाठीमागे लिहिणं तिथं हलकं समजतात. हे ऐकून मी खूश झालो. एवढ्या लांबचा माणूस, पण रीत आमच्या बैठकीसारखी. दुसरी गोष्टही त्यानं सांगितली, तिच्याकडे तेव्हा माझं लक्ष गेलं नाही. तो म्हणाला की आधी प्रत्येकानं आपल्या कामाबद्दल आपणच सांगायचं, आणि मग तो आपलं मत देईल.

डेपोच्या पडवीत टेबल मांडलं. एकेकाला बोलावणं सुरू झालं. भाऊ गेले, गाडीवानांचा मुकादम गेला, चौकीदार गेला, आणि शेवटी मी गेलो. साहेबानं मला बसायला खुर्ची दिली. कच्च्या कारकुनाला साहेबानं खुर्ची देणं म्हणजे काय हे आज कळायचं नाही. मी टोकावर बसलो.

साहेबानं विचारलं, "टपालाचे काम आपण केले का?"

"करून राह्यलो साहेब."

"मालाची नोंद?"

"ते बी करून राह्यलो."

"स्टेशनाकडे गाड्या पाठवण्याचे?"

"सारंच करून राह्यलो जी."

दर उत्तराला तो काहीतरी लिहायचा, आणि दर उत्तराला त्याचा चेहरा थोडा उतरायचा. मला वाटलं, ऊन लागलं असेल. शेवटी तो उठला, त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दोनदा थोपटलं. मी पडवीतून बाहेर आलो तो हवेतच. भाऊंना सांगितलं की आता समजा झालोच पक्का. भाऊ म्हणाले, बरं. एवढंच म्हणाले, पण त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं असं मला वाटलं.

ऊन कलल्यावर साहेबानं सगळ्यांना पडवीसमोर जमवलं आणि आपलं मत तोंडावर सांगितलं. ते भाषण मला अजून शब्दन् शब्द आठवतं, कारण त्यानं माझी झोप उडवली. तो म्हणाला, "मी अनेक डेपो पाहिले. सगळीकडे लोक खोटे बोलतात की काम केले. येथे प्रत्येकाने निर्भयपणे मान्य केले की काम राहिले. असा प्रामाणिकपणा मी कोठेही पाहिला नाही. परंतु काम राहते, हे सत्य आहे. म्हणून यंदा कोणाला बढती नाही आणि कोणी कायम नाही."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मुकादम मला कानात विचारायला लागला की साहेब आपली तारीफ करून राह्यला का आपल्याले हाकलून राह्यला. भाऊंनी दुपट्टा झटकला, पुन्हा खांद्यावर टाकला, आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. पक्कं होणं गेलं त्याबरोबर आणखी काय गेलं, त्याची झळ त्या माणसांत आम्हा दोघांनाच बसणार होती.

मी तसाच मॅनेजरांकडे गेलो. ते मच्छरदाणीच्या तयारीत होते. मी विचारलं की साहेब असं का बोलला, आणि तुम्ही गप्प का बसलात? तर मॅनेजर माझ्याकडेच आश्चर्यानं बघू लागले. त्यांचं म्हणणं, साहेब चुकीचं काय बोलला? इतके दिवस तेही हेच ऐकत आले होते. टपाल गेलं का विचारलं की मी म्हणायचो करून राहिलो. गाडी भरली का, भरून राहिलो. केलं, भरलं, असा सरळ शब्द कधी माझ्या तोंडून आला का? त्यांच्याकडे राहिलं म्हणजे राहिलं. दळण राहिलं, अभ्यास राहिला, म्हणजे झालाच नाही.

हळूहळू माझ्या डोक्यात उजेड पडला आणि पाठोपाठ राग चढला. मी विचारलं, "म्हणजे आजवर तुम्ही वर काय लिहून पाठवलं माझ्याबद्दल?"

मॅनेजरांनी मच्छरदाणीचा कोपरा नीट खोचला. "हेच. हुशार आहे, पण कामं राहतात."

मी त्यांना काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. सगळा झाडीपट्टीचा मुलूख ज्या बोलीत जगतो, पेरतो, कापतो, लग्नं लावतो, ती बोली या माणसाच्या कानात शिरता शिरता उलटी झाली होती. आमच्याकडे करून राह्यलो म्हणजे हातात काम आहे, चालू आहे, थांबलेलं नाही. त्याचा यांनी आळस केला! मॅनेजरांनी ऐकून घेतलं, त्यांना वाईटही वाटलं. पण साहेबाला जाऊन सांगा म्हटलं तर ते घाबरले. वरच्यानं दिलेल्या शेऱ्याला उलट उत्तर करत नाहीत, ही त्यांची रीत. नोकरी करायची असेल तर मीही शिकून घ्यावी असं त्यांनी कळवळून सांगितलं. मी म्हटलं, तुमची रीत तुमच्यापाशी. माझ्यावर बोट उठलंय, मी बोलणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी साहेबाच्या खोलीकडे गेलो. तो जाण्याआधी त्याला गाठायचंच होतं. चौकीदारानं त्याच्यासाठी भात आणि मरळ माशाचा रस्सा रांधला होता. दाराबाहेरच चौकीदारानं मला अडवलं. "बसा बाबू. साहेब जेवून राह्यले."

आतून साहेबाचा आवाज आला. तोंडात घास होता. "नाही, नाही. माझे जेवण राहिले नाही. मी जेवत आहे."

असा योग देवानं माझ्यासाठीच जुळवून आणला असणार. मी सरळ आत गेलो. साहेब हातानं भात कालवत होता. मी म्हणालो, "तेच म्हणून राह्यला तो, साहेब."

साहेब घास धरून थांबला. मी विचारलं, तुमचं जेवण राहिलं का? तो म्हणाला, नाही. मग चौकीदार खोटं बोलला का? साहेबानं हातातल्या घासाकडे पाहिलं, मग दाराकडे. त्यानं चौकीदाराला आत बोलावलं. खिडकीतून मोहाच्या झाडाखाली एक बैल दिसत होता. साहेबानं त्याच्याकडे बोट दाखवून विचारलं की तो बैल काय करत आहे.

"चरून राह्यला जी."

"आणि नदी?"

चौकीदाराला साहेबाची काळजी वाटायला लागली होती. तो जपून म्हणाला, "वाहून राह्यली."

साहेब ते शब्द स्वतःशी पुटपुटला. चरून राह्यला. वाहून राह्यली. मग त्याचा मुळातच लाल चेहरा आणखी लाल झाला आणि तो हसायला लागला तो इतका, की मला त्याच्या गळ्यात काटा अडकायची भीती वाटली. ठसका आवरून तो म्हणाला की काल नदी त्याच्यापुढे बसली असती तर त्यानं तिलाही कामचुकार ठरवलं असतं. मीही हसलो. खरं म्हणजे मी त्या क्षणी जिंकलोच होतो, आणि जिंकलेला माणूस हसायला मोकळा असतो.

साहेबाचं एक मानलं पाहिजे. त्यानं हात धुतले आणि पुन्हा सगळ्यांना पडवीसमोर बोलावलं. जी गोष्ट चारचौघांत बोललो ती चारचौघांतच मागे घेतो, चूक माझी आहे, असं त्यानं सांगितलं. आमच्याकडचा कुठलाही अंमलदार मेला तरी हे करणार नाही. मॅनेजर खाली मान घालून पायाचा अंगठा मातीत रुतवत होते. मुकादमानं मला कोपरानं ढोसलं. मी भाऊंकडे पाहिलं. ते नदीकडे बघत होते, पण त्यांच्या मिशीखाली पुन्हा हललं.

इथंच सगळं संपायला हवं होतं. पण साहेब काटेकोर माणूस होता. तो म्हणाला की काम चालू आहे हे कळलं, आता ते चांगलं चाललं आहे का हेही त्याला कळलं पाहिजे. त्याशिवाय तो बढती देणार नाही आणि मला कायम करणार नाही. आणि त्यानं माझ्याकडे वळून सरळ विचारलं, "आपण स्वतः सांगा. आपण उत्तम कारकून आहात का?"

आहे. वडशापासून चांद्यापर्यंत शोधा, असा कारकून मिळणार नाही. हे वाक्य माझ्या डोक्यात तयार होतं, जिभेवरही आलं होतं. पण ओठ उघडेनात. समोर सगळा डेपो बसलेला, भाऊ बसलेले. आमच्या मुलखात आपली पाठ आपणच थोपटणाऱ्याला लोक आयुष्यभर नावं ठेवतात. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे मी लहानपणापासून ऐकत आलेला. आमच्या दंडारीच्या खेळात नाचणारा कितीही चांगला नाचो, त्याचं बक्षीस पुकारतो तो बघणारा. मी माझ्याबद्दल मनात काहीही समजो, तोंडानं बोलणं जमेना. शेवटी माझ्या तोंडून निघालं की चालू हाय जी, बाकी लोकांना विचारा.

साहेबाला ही कल्पना आवडली. तो म्हणाला, ठीक, मग एकमेकांबद्दल सांगा. आधी त्यानं मलाच विचारलं की जमादार कसे आहेत. हे मात्र मला येत होतं. मी भाऊंची जी तारीफ केली ती ऐकून नदीपलीकडची माणसंसुद्धा थांबली असतील. भाऊ नसते तर अर्धं लाकूड काळं पडलं असतं. भाऊंच्या शब्दावर गाडीवान पावसात बैल जुंपतात. असा जमादार कंपनीला दिवा घेऊन शोधला तरी सापडणार नाही. साहेब भराभर लिहीत होता. भाऊंची बढती तिथंच मंजूर झाली. भाऊ मात्र अस्वस्थ दिसले, मान खाली घालून दुपट्ट्याचं टोक चुरगाळत बसले.

मग साहेबानं भाऊंना विचारलं की हा तरुण कारकून कसा आहे.

सगळ्या डेपोला आमची सोयरीक अडली आहे हे ठाऊक होतं. सगळे भाऊंच्या तोंडाकडे बघायला लागले. भाऊंनी घसा साफ केला आणि म्हणाले, "बरा आहे."

साहेबानं वाट पाहिली. पुढे काही आलं नाही. "केवळ बरा?"

"बरा आहे जी."

"उत्तम नाही?"

भाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "बरा आहे."

साहेबानं लिहिलं. माझी कानशिलं तापली. मी उठून सांगायला लागलो की साहेब, आमच्याकडे बरा हा लहान शब्द नाही. धान खांद्याएवढं आलं तरी शेतकरी पीक बरं आहे म्हणतो. साहेबानं शांतपणे ऐकलं. मग तो म्हणाला की एका शब्दाचा अर्थ वेगळा निघाला तो त्यानं मान्य केला, आता दुसऱ्याचाही निघतो आहे. तुम्ही स्वतः बोलत नाही आणि तुमचा साक्षीदार बरा म्हणतो, त्याच साक्षीदाराबद्दल तुम्ही मात्र पानभर बोललात. मग मुंबईच्या कचेरीला त्यानं कशाच्या आधारावर सांगायचं?

साहेबाच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं, हे मला त्याच क्षणी कळत होतं आणि त्यानं राग आणखी वाढत होता. साहेब म्हणाला, "आणखी एक वर्ष पाहू." मग त्यानं सगळ्यांशी हात मिळवले आणि त्याची जीप धूळ उडवत आरमोरीच्या रस्त्याला लागली. मी कच्चाच होतो.

कंपनीनं मला पक्कं केलं ते पुढल्या हिवाळ्यात, याच साहेबाच्या हातून. तोवर मी मॅनेजरांना आमची बोली आणि साहेबाला आमचा बरा शिकवून सोडला होता. साहेबाच्या पत्रांत पुढे पुढे 'चौकशी करून राह्यलो आहे' अशी वाक्यं यायची आणि मॅनेजर ती वाचताना कानावर हात ठेवायचे. पण ते सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी मी भाऊंच्या मागोमाग गावाकडे निघालो. वाट धानाच्या बांधांवरून जाते. कापणी होऊन गेली होती, बांध्यांमध्ये, म्हणजे बांधांमधल्या वाफ्यांत, भारे पडलेले होते आणि त्यांच्यावर ऊन उतरलं होतं. भाऊ पुढे, मी मागे. गप्प चालणं माझ्या अंगाला मानवत नाही.

मी म्हणालो की भाऊ, तुमच्या एका शब्दापायी माझं वर्ष गेलं. मी तुमच्याबद्दल किती बोललो ते सगळ्यांनी ऐकलं. तुम्ही नुसतं लई चांगला आहे म्हटलं असतं तर तुमची जीभ झिजली असती का? पोरगी द्यायची नसेल तर तसं सांगा, साहेबासमोर माझी किंमत कशाला केली?

माझा आवाज चढला होता. एक बाई भारा बांधता बांधता थांबून बघायला लागली. भाऊ चालतच राहिले. बांध जिथं रुंद होतो तिथं आल्यावर ते थांबले, मागे वळले आणि दुपट्ट्यानं तोंड पुसलं.

"परक्याची तारीफ करावं, बाबू," ते म्हणाले. "घरच्या मानसाची कशी करावं? लोकं हासतील न."

घरच्या, असं ते म्हणाले होते.

भाऊ आता बांधाखालच्या भाऱ्यांकडे बघत बोलत होते. "तू माही येवढी तारीफ केली, तवा मले वाईट वाटलं. म्हटलं, हा पोरगा मले अजून परकाच समजून राह्यला."

सगळा राग माझ्या अंगातून कुठं गेला ते कळलं नाही. साहेबानं दिलेल्या खुर्चीवर बसूनही मी एवढा उंच झालो नव्हतो आणि मॅनेजरांच्या शेऱ्यानंही एवढा लहान झालो नव्हतो. पण अट होती. अट त्यांनीच घातली होती आणि ती मामाच्या तोंडून सगळ्या नात्यागोत्यात गेली होती. मी चाचरत म्हणालो, "पन भाऊ, मी त अजून कच्चाच हाव."

भाऊंनी दुपट्टा खांद्यावर टाकला आणि चालायला लागले. मागे न बघताच म्हणाले, "कंपनीचं कंपनीपाशी. तिनं नाई केला त नाई केला. मी पक्का करून राह्यलो."

मला त्यांना खूप काही बोलायचं होतं. ते मात्र राहिलं, अगदी पुण्याच्या अर्थानं राहिलं.